वासाचं पाणी

"आज पानी गोड शे वं, रंजना," उषाबाईने तांब्या अर्धा रिकामा केला आणि उरलेलं पाणी तोंडावरून फिरवलं. "काल नुसता औषधना वास. आमना पोऱ्यानी थुकी टाकं."

रांगेतल्या बाया हसल्या. रंजनाने तोटी बंद केली, पुढच्या बाईची कळशी खाली सरकवली आणि नुसतं हसून घेतलं. ती माहेरची जालन्याची. सोनवण्यांच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी अहिराणी तिला कळायची, पण जिभेवर वळायची नाही. आज बोलायची गरजही नव्हती. काल याच पायरीवरून रिकाम्या कळशा परत जाताना तिने पाहिल्या होत्या. आज रांग चर्चच्या पायऱ्या उतरून राघोच्या पानटपरीपर्यंत गेली होती. ती कशाने जमली हे रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं. रंजनाला होतं. तिला आणि तिच्या नवऱ्याला, वाल्मिकला.

पूर ओसरला होता, पण सुरतच्या लिंबायतमधून गेला नव्हता. उकाई धरणाचे दरवाजे उघडले, तापी चढली, तिच्या भराने खाडी उलटी फिरली आणि गल्लीतल्या घराघरांत गटारासकट शिरली. पाणी परत गेलं तेव्हा मागे काळा, चिकट गाळ राहिला. यंत्रमागांची खाती बंद, वीज नाही, नळ कोरडे. महापालिकेचा टँकर यायचा तो हमरस्त्यापर्यंतच. गल्लीतल्या गाळात त्याची चाकं रुतायची. अख्ख्या गल्लीत कोरडी राहिलेली एकच जागा होती, लिंबायत मराठी मंडळीचं चर्च. रंजनाच्या सासऱ्यांनी, सुकदेव आबांनी, ते बांधताना जोतं एवढं उंच घेतलं होतं की लोक म्हणायचे, चर्च बांधता आहात का धरण. आता तेच लोक त्या जोत्यावर गाद्या वाळवत होते.

चर्चमध्ये हौद होता. व्यासपीठासमोर जमिनीत बांधलेला, एरवी फळ्यांनी झाकलेला. बाप्तिस्मा घेणारा माणूस त्यात पायऱ्यांनी छातीभर पाण्यात उतरायचा आणि पाळक त्याला बुडवून वर काढायचे. या महिन्यात रंजनाच्या मुलीचा, स्नेहाचा, आणि मंडळीतल्या आणखी काही मुलांचा बाप्तिस्मा होता, म्हणून हौद घासून तयार ठेवला होता. मग पूर आला आणि आबा म्हणाले, पिण्याचं पाणी यात साठवू.

त्यावरून घरात जे रणकंदन झालं ते अजून थंड झालेलं नव्हतं. थोरले दीर भगवान हे मंडळीचे सेक्रेटरी. हौद प्रभूच्या कामासाठी अर्पण केलेला आहे, त्यात गल्लीच्या कळशा बुडवायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय लोक काय म्हणतील हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं: आम्हाला बाटवायचं पाणी पाजतात. शेवटी सासूबाई, कलाबाई, सुपात तांदूळ निवडत होत्या त्या मान वर न करता बोलल्या, "बाप्तिस्मा मानोसना व्हस, हौदना नही." आणि हौद उघडला गेला.

तेव्हापासून मंडळीची माणसं टँकरपासून हौदापर्यंत एकामागे एक उभी राहत आणि हंडे हातोहात पुढे सरकवत. बाकीचे फावडी घेऊन गल्लीत उतरत. आज या घरातला गाळ काढ, उद्या त्या. हौदातून एक रबरी नळी काढून पायरीपाशी तोटी बसवली होती. तोटीवर रंजना. पाण्याची जबाबदारी गायत्रीची, म्हणजे भगवानभाऊजींच्या मुलीची. ती नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. टँकरचं पाणी चांगलं असलं तरी ते इतक्या हातांतून, गाळाने माखलेल्या हंड्यांतून येतं, तेव्हा हौदात ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय एक थेंबही वाटायचा नाही, असा तिचा हुकूम होता. तिने पावडर टाकली. आणि काल पाण्याला असा वास सुटला की बायांनी पदर नाकाला लावले.

उषाबाई तर वाकून वास घेत म्हणाली होती, "हाई पानी शे का पांडेसराना मिलमधलं गटार?" सगळ्या हसल्या आणि कळशा उचलून गल्लीतल्याच धुडकूच्या घरामागच्या हातपंपावर गेल्या. तो हातपंप पुरात टोकापर्यंत बुडाला होता. गायत्री मागे धावत ओरडत राहिली की ते पाणी पिऊ नका. कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी रंजनाने हे वाल्मिकला सांगितलं. वाल्मिक पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवायच्या मिलमध्ये, धुलाई खात्यात होता. तो मोठ्याने हसला.

"अगं, त्यात काय. हे आमचं रोजचं काम."

मग त्याने समजावून सांगितलं. कोरं कापड पांढरं करायला क्लोरच्या, म्हणजे ब्लीचिंगच्याच, पाण्यातून काढतात. काम झालं की क्लोर मारावा लागतो, नाही तर धागा सडतो, हातात धरलं की कापड टर्रकन फाटतं. त्यासाठी पांढरे खडे असतात. मूठभर खडे पाण्यात विरघळले की वास गेला. वास गेला म्हणजे क्लोर गेला, क्लोर गेला म्हणजे माल पास. खात्यात नवीन माणूस आला की त्याला हेच पहिलं शिकवतात.

"पिण्याच्या पाण्यात चालतं का पण?" रंजनाने विचारलं होतं.

"पोटाला काही होत नाही. आमच्यातले निम्मे जण त्याच हातांनी डबा खातात."

मिल धुऊन काढायचं काम रात्रीही चालू होतं, म्हणून तो लगेच तिकडे गेला. येताना कागदात बांधून खडे घेऊन आला. हौदात टाकले, बांबूने ढवळले, ओंजळ नाकाशी धरली. वास नव्हता. पहिला पेला त्याने स्वतः प्यायला, दुसरा रंजनाला दिला. पाणी खरंच गोड लागलं. गायत्रीला सांगू या का, असं रंजना म्हणाली होती. तो म्हणाला, "पोर शिकलेली आहे, तिला वाटेल काका मध्येच लुडबुडला. पाणी लोक पितायत ना? झालं तर."

तेवढं ऐकून रंजनाही गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. घरात थोरल्या जावेची पोर शिकलेली, थोरले दीर सेक्रेटरी. वाल्मिक म्हणजे मिलमधला, हातांना कायम रसायनाचा वास येणारा धाकटा. एक तरी काम त्याच्या हाताने नीट झालं.

दुपारी रांग संपत आली तेव्हा गायत्री आली. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत गाळाने भरलेली, पण चेहरा फुललेला. आरोग्य खात्याच्या माणसाकडून तिने एक छोटी बाटली आणि काचेची नळी मिळवली होती.

"काकू, हे बघा. पाण्यात क्लोरीन असेल तर याचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. फिकट पिवळं म्हणजे बरोबर. आता अंदाजाने काम नाही करायचं."

तिने तोटीखाली नळी धरली, थेंब टाकले, हलवलं आणि उजेडाकडे धरली. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ, नितळ. तिने दुसऱ्यांदा करून पाहिलं. मग आत जाऊन हौदातलं पाणी घेतलं. मग पावडरच्या पोत्यातून चमचाभर काढून तांब्यात कालवली, थेंब टाकले. तांब्यातलं पाणी गर्द पिवळं झालं. तीच पावडर पेल्यात घेतलेल्या हौदाच्या पाण्यात चिमूटभर टाकली, तर ते पुन्हा नितळच.

"काहीतरी खातंय क्लोरीनला," ती स्वतःशीच म्हणाली. "कुठे जातोय तो?"

रंजना तोटी बंद करायची विसरली. पाणी पायरीवरून वाहत गेलं.

तेवढ्यात भगवानभाऊजी आले. त्यांनी तोटी बंद केली, दारातल्या दोन बायांना नंतर या म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना आत बोलावलं. घरात अजून गाळ होता, म्हणून त्या दिवसांत सोनवण्यांचं सगळं चर्चमध्येच चाले: स्वयंपाक, झोप, भांडण. आबा हौदाच्या कठड्यावर बसले. कलाबाई बाकावर. वाल्मिक फावडं घेऊन गल्लीतून आला तो दारातच टेकला. पायांचा गाळ आत नको म्हणाला.

भाऊजींनी सांगितलं की धुडकूची बायको आणि मुलगी रात्रीपासून उलट्या-जुलाबांनी हैराण आहेत, आणि आता उषाबाईच्या नातवालाही सुरू झालंय. मुलाला दवाखान्यात नेलंय. गल्लीत कुणीतरी विचारायला लागलंय की चर्चच्या पाण्यात काय असतं.

"मी आधीच सांगत होतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उपासनेत सूचना वाचतात तसा होता. "आपण पाणी वाटायला बसलो, आता निस्तरा. आजपासून तोटी बंद. विचारलं तर सांगायचं, टँकर आला नाही, पाणी संपलं."

"पप्पा, तोटी बंद केली तर सगळे पुन्हा हातपंपावर जातील," गायत्री म्हणाली.

"जाऊ देत. तिथलं पाणी आपण पाजत नाही."

आबांनी मान वर केली. हौदाच्या भांडणात ते आणि नात एका बाजूला होते, भाऊजी दुसऱ्या. आज गायत्रीच डळमळीत दिसत होती. ती म्हणाली की पाण्यात क्लोरीन टिकतच नाही, काय होतंय ते कळत नाही, कदाचित पोत्यातली पावडरच भेसळीची असेल, वरचा भाग चांगला आणि खालचा माती. वॉर्ड ऑफिसातून आणली आहे. तिथे जाऊन विचारायला हवं.

भाऊजींनी तो धागा लगेच पकडला. पावडर खराब होती, आपला काय दोष? तसं एका कागदावर लिहून वॉर्ड ऑफिसात देऊन टाकू. मंडळीवर बोट येणार नाही. ते सगळं किती सरळ जुळत होतं, हे रंजनाला दिसत होतं. वॉर्ड ऑफिस दूर, पावडर मुकी, पाणी वाहून गेलेलं. तिने दाराकडे पाहिलं. वाल्मिकच्या हातात फावड्याचा दांडा होता आणि तो अंगठ्याने त्यावरचा सुकलेला गाळ खरवडत होता. खात्यात माल फाटला आणि मालक येऊन उभा राहिला की तो असाच दिसत असेल.

तिने वाट पाहिली. त्याने बोलावं म्हणून. तो खरवडत राहिला.

"पावडर चांगली आहे," रंजना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आपला आवाज एवढा सरळ कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"वास मारायला मी यांना सांगितलं. काल संध्याकाळी. बाया पाणी टाकून जात होत्या, मला बघवेना. मिलमध्ये कापडातला क्लोर मारायचे खडे असतात, ते टाकले हौदात. वास गेला. गायत्रीला विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

कोपऱ्यातल्या स्टोव्हवर भाताचं झाकण खडखडत होतं.

"मी टाकले," वाल्मिक दारातून म्हणाला. "तिचं नाव नका घेऊ. ती फक्त रांगेचं बोलली. मला वाटलं, वास गेला म्हणजे काम झालं. आमच्याकडे तसंच असतं."

गायत्री हातातल्या नळीकडे पाहत होती. रंजनाला वाटलं, आता ही पोर काकाला दोन शब्द सुनावणार आणि घरात पुढची कित्येक वर्षं ते दोन शब्द उगाळले जाणार. पण गायत्री हौदाजवळ जाऊन आबांच्या शेजारी कठड्यावर बसली.

"काका, ते खडे विषारी नाहीत," ती हळू म्हणाली. "पण क्लोरीन जंतू मारायलाच तर टाकला होता. तुम्ही तो मारलात. राहिलं नुसतं पाणी, सगळ्यांच्या हातांचं." मग थोडं थांबून, "आणि वास एवढा यायलाच नको होता. मी घाबरले होते. पुराचं पाणी म्हणून मी भरमसाठ ओतली पावडर, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं तेही थांबले नाही. रांग लागली होती. लोक पाणी टाकून गेले ते माझ्यामुळे."

"झालं," भगवानभाऊजी म्हणाले. "आता दोघांनी मिळून बुडवलंत. आणि हे ऐका सगळे. ही गोष्ट या दाराबाहेर जायची नाही. आजकाल दिवस कसे आहेत माहीत आहे ना? सोनवण्यांनी पाण्यात काहीतरी टाकलं, एवढंच वाक्य गल्लीत फिरेल. कोण कापडाचं ऐकेल, कोण क्लोरीनचं? तोटी बंद, तोंड बंद. चार दिवसांत विसरतील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच रंजनाला जड जात होतं. भाऊजी भित्रे नव्हते. ते मंडळी सांभाळत होते, जशी ती आपली चूल सांभाळायची.

मग आबा बोलले. म्हातारा एरवी बोलायचा तो प्रार्थनेतच.

"प्लेगमा आपुन कुलूप लायं," ते म्हणाले.

चार वर्षांपूर्वी प्लेगची आवई उठली तेव्हा निम्मं सुरत स्टेशनकडे धावलं होतं, तसे सोनवणेही चर्चला कुलूप लावून अमळनेरला निघून गेले होते. परतल्यावर कुणी काही म्हणालं नाही. फक्त उषाबाईने एकदा, दिवाळीच्या आधी, अंगण सारवता सारवता हसत विचारलं होतं, तुमचा देव कुलपात सुखरूप होता ना? त्या दिवसापासून आबांनी चर्चचं कुलूप काढून टाकलं होतं. दाराला नुसती कडी.

"तवय पन आपलं बरोबरच व्हतं," आबा म्हणाले. "सगळा पळेत, आपुन बी पळनूत. बरोबर व्हतं नि तोंड दखाडता नही उनं." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "मी सांगसु. घर घर."

भाऊजींनी वडिलांकडे पाहिलं. आबांचा पाय पुरापासून सुजला होता. गाळातून दोन घरंसुद्धा ते धड चालले नसते. भाऊजींच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग हिशोब, मग तेही उतरलं. त्यांनी पायातले बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"तुम्ही बसा आबा," ते म्हणाले. "सेक्रेटरी मी आहे. वाल्मिक, तू टपरीपासून वर. मी खालच्या बाजूने. लपवायचं काही नाही, पण चर्चासत्रही नको. पाणी ओता, उकळलेलंच प्या, उद्या नवीन देऊ. एवढंच."

"उषाबाईकडे मी जाते," रंजना म्हणाली.

कलाबाईंनी पदर खोचला आणि स्टोव्हवरचा भात उतरवून मोठं पातेलं चढवलं. साखर-मिठाचं पाणी, धुडकूच्या घरी पाठवायला. मग त्या गायत्रीला म्हणाल्या, "वं पोरी, अंदाज नको लाऊ. सांग, किती टाकू?"

उषाबाईचं दार उघडं होतं. भिंतीवर पुराची काळी रेघ रंजनाच्या खांद्यापर्यंत होती. परवा मंडळीच्याच माणसांनी इथला गाळ उपसला होता, रंजनाही त्यात होती; कोपऱ्यातला माग तिनेच पुसला होता. नातू दवाखान्यातून परत आला होता, आईच्या मांडीवर मान टाकून पडला होता. डोळे खोल गेलेले. उंबऱ्याजवळ चर्चच्या पाण्याने भरलेल्या दोन कळशा झाकून ठेवल्या होत्या, वर स्वच्छ फडकं.

रंजनाने सांगितलं. उभ्यानेच. कुठलाही शब्द गाळला नाही, तिचं स्वतःचं नावही नाही.

उषाबाईने ऐकून घेतलं. ती उठली, फडकं काढून बाजूला ठेवलं, एक कळशी उचलली आणि उंबऱ्याबाहेर उपडी केली. मग दुसरी. पाणी गाळावरून वाट काढत गटाराकडे गेलं.

"यानी हातपंपनं बी पिधं व्हतं," पोराची आई म्हणाली. "कोनता पानीनं व्हयनं ते काय माहीत."

रंजनाला तो आधार धरता आला असता. तिने धरला नाही. "आमच्याही पाण्याने झालं असेल," ती म्हणाली. "उद्या हौद धुऊन नवीन भरतोय. गायत्री प्रत्येक वेळी तपासणार आहे."

"वासनं मीच बोलनी ना," उषाबाई म्हणाली. तिने रंजनाकडे पाहिलं नाही. "मिलनं गटार म्हनी." मग तिने रिकाम्या कळशा आत सरकवल्या. "जाय आते. दार लायी घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद उपसला. फळ्या बाजूला काढल्या, उरलेलं पाणी बादल्यांनी बाहेर टाकलं. वाल्मिक आत उतरला आणि तळ घासायला बसला. स्नेहाही त्याच्या मागोमाग पायऱ्या उतरली. इथे तिने पांढरे कपडे घालून उतरायचं होतं, ती आईची जुनी साडी कमरेला गुंडाळून, हातात काथ्या घेऊन उतरली. बापलेक घासत राहिले. वर भगवानभाऊजी बादल्या ओढत होते. कालपासून त्यांना गल्लीत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. एका घरात त्यांच्या तोंडावर दार आपटलं होतं, एवढं वाल्मिककडून कळलं. आणि त्याच घरासमोर भाऊजी थांबून राहिले, दार पुन्हा उघडेपर्यंत.

टँकर आला. या वेळी हंडे आधी आत-बाहेर धुतले, प्रत्येकाचे हात साबणाने धुवून मगच त्याला रांगेत उभं केलं. कुणी कंटाळून कुरकुरलं तर कलाबाई पाट्यावरच्या वरवंट्यासारख्या नजरेने बघायच्या. हौद भरला. गायत्रीने पावडर तराजूवर तोलली, बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी हौदात ओतलं. बांबू वाल्मिकने फिरवला. मग तिने सगळ्यांना थांबवलं. कुणी तोटीला हात लावायचा नाही.

वाल्मिक हौदावर वाकून वास घेत होता. "आहे," तो म्हणाला. "थोडा आहे. आमच्या साहेबाने माल परत पाठवला असता."

गायत्रीला हसू आलं. पुरानंतर पहिल्यांदा. तिने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि ती काकाच्या हातात दिली. वाल्मिकने ती खिडकीच्या उजेडात धरली, रंगाऱ्याने नमुना धरावा तशी, डोळे बारीक करून. काचेत लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा रंग उतरला.

"हा शेड ठेवायचा ना?" त्याने विचारलं.

"हाच," गायत्री म्हणाली. "रोज दोन वेळा. तुम्हीच बघा, रंगाचं तुम्हाला जास्त कळतं."

रंजना तोटीवर जाऊन उभी राहिली. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. राघोने टपरीतून पाहिलं आणि मान फिरवली. दोन बाया कळशा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आल्या, बोलल्या, आणि हमरस्त्याकडे निघून गेल्या. ऊन चढत होतं, गाळ सुकून त्याच्या पापड्या सुटायला लागल्या होत्या. भगवानभाऊजी एकदा दारात येऊन गेले. आबा आत बाकावर बसले होते, सुजलेला पाय लांब करून. दाराची कडी काढलेलीच होती.

तिने पेला भरला आणि स्वतः प्यायला. घशात हलकासा वास राहिला. पुन्हा भरून ठेवला.

शेवटी उषाबाई आली. एकटीच, डोक्यावर एक कळशी. पायरीपाशी थांबली, चेहरा कालच्यासारखाच बंद. रंजनाने पोराचं विचारलं. रात्री भात मागितला, म्हणाली. आणि हात पुढे केला. रंजनाने तोटी थोडी सोडली. उषाबाईने ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि तिचं नाक आक्रसलं, पहिल्या दिवशी आक्रसलं होतं तसंच.

तिने ओंजळ सोडून दिली. मागे वळून गल्लीकडे पाहिलं. आता तिथे टपरीच्या सावलीत तीन-चार बाया उभ्या होत्या, कळशा कमरेवर, हिच्याकडे बघत.

"वास येस," उषाबाई त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग कळशी तोटीखाली ठेवली. "भर, रंजना."